महाडचे चवदार तळे : ठराव आणि वहिवाट

सावित्रीकाठचे महाड हे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील बाजारपेठेचे लहान शहर. चवदार तळ्याचा प्रश्न बहुधा एका दिवसापुरता मांडला जातो. वस्तुतः तो या शहराच्या सामूहिक जीवनाचा प्रश्न होता. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केले. ठराव कागदावरच राहिला. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

२० मार्च रोजी डॉ. आंबेडकर व प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. ते वीरेश्वर मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली व प्रतिनिधींवर हल्ला झाला. काहींना मुसलमान घरांनी आश्रय दिला. पुढे पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. मुसलमानांच्या वापराने मात्र हे पाणी कधी बाटले नव्हते!

शहर एकजिनसी नव्हते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूने उभे राहिले. त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव रद्द केला. डिसेंबरच्या परिषदेस जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. विरोधकांनी न्यायालयात वहिवाटीचा आधार घेतला. ही वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. दहा वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले होते.