निराशेंतून उगवलेला पंथ आणि त्याचा इतिहास

मावळांतील कार्ल्याच्या डोंगरावर चढणाऱ्या भाविकास एकाच आवारांत दोन प्रकारचा इतिहास भेटतो. एकवीरेचें देऊळ पांडवांनीं एका रात्रींत उभारलें, असें परंपरा सांगते. शेजारच्या चैत्यगृहाच्या दगडांवर मात्र वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचे यवन, अशीं दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यांनीं ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हां असे लेख पुन्हा वाचतां येऊं लागले. परंतु लेख वाचले गेले म्हणून एकवीरेची यात्रा कांहीं ओस पडली नाहीं. भक्तांची स्मृति आणि इतिहासाचा पुरावा हीं एकाच डोंगरावर नांदूं शकतात. मात्र एकाचें काम दुसऱ्याकडून होत नाहीं.

हा भेद ज्यांना दुसऱ्याच्या लेण्यांत नव्हे, तर स्वतःच्याच जन्मकथेंत शोधावा लागला, अशा एका ख्रिस्ती पंथाचें विद्यापीठ याच पुणें जिल्ह्यांत आहे. लोणावळ्याहून आगगाडीनें पुण्यास येतांना खडकी लागते. तेथून जवळच, औंध रस्त्यावर, स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. १९१५ सालीं कोइमतूर येथें लहानशी शाळा म्हणून ही संस्था निघाली. पुढें ती बंगळूरास गेली व १९४२ सालीं पुण्यास आली. २०१४ सालीं तिला राज्याच्या कायद्यानें विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

ज्यांचें नांव संस्थेस दिलें आहे ते विल्यम स्पायसर १८९८ मध्यें हिंदुस्थानांत आले आणि कलकत्त्यास त्यांनीं पंथाच्या मासिकाचें संपादन केलें. १९२२ ते १९३० पर्यंत ते पंथाचे जागतिक अध्यक्ष होते. त्यांनीं १९२१ सालीं पंथाच्या मिशनकार्याचा इतिहास लिहिला, तो मुद्दाम कॉलेजांच्या व शाळांच्या वर्गांसाठीं. तेव्हां इतिहासाचें अध्यापन हा या संस्थेच्या नांवांतच असलेला वारसा होय.

परंतु हा इतिहास शिकवणें सोपें नाहीं. कारण त्याचा आरंभच एका चुकलेल्या तारखेपासून होतो. न्यूयॉर्क संस्थानांतील विल्यम मिलर या शेतकऱ्यानें बायबलांतील दानीएलाच्या पुस्तकाचा अभ्यास करून गणित मांडलें. तेथें सांगितलेले २,३०० दिवस म्हणजे तितकीं वर्षें समजून, इ. स. पूर्व ४५७ पासून तीं मोजलीं, कीं १८४४ साल येतें. त्या सुमारास ख्रिस्ताचें पुनरागमन होणार, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढें त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. हजारों लोक वाट पाहत राहिले. कांहींनीं शेतांतील पीकही काढलें नाहीं. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि दुसरे दिवशीं सूर्य नेहमींप्रमाणें उगवला.

बहुतेक लोक पांगले. थोड्यांनीं मात्र असा अर्थ लावला, कीं तारीख बरोबर होती, पण घटना ओळखण्यांत चूक झाली. ती घटना पृथ्वीवर नव्हे, स्वर्गांतील पवित्रस्थानांत घडली. या मंडळींनींच पुढें शनिवार हा शब्बाथ मानला, आणि १८६३ सालीं सुमारें ३,५०० सभासदांनिशीं सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची घटना झाली. आज जगांत त्याचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत.

या पंथाचा इतिहास प्रथम त्यांतल्याच माणसांनीं लिहिला. जॉन लफबरो यांचा ग्रंथ १८९२ सालीं निघाला. एलन व्हाइट या पंथाच्या संस्थापकांपैकीं एक असून अनुयायी त्यांना दैवी दर्शनें होत असें मानीत. दर्शनाच्या अवस्थेंत त्यांनीं कुमारवयांत एक जड बायबल हात लांबवून उचलून धरलें, ही हकीकत लफबरो यांच्या लेखनांतून पसरली. परंतु लफबरो पंथांत आले १८५२ सालीं. तो प्रसंग त्यांनीं स्वतः पाहिलेला नव्हता. तसेंच, निराशेच्या रात्रीचें अश्रूंनीं भिजलेलें जें वर्णन हायरम एडसन यांच्या नांवावर वारंवार दिलें जातें, तें त्यांनीं त्या घटनेनंतर पुष्कळ वर्षांनीं लिहिलें. यांत लबाडी नाहीं. पण आठवण आणि तत्कालीन नोंद यांचें वजन सारखें नव्हे.

हाच न्याय विरोधकांसही लागतो. मिलरचे अनुयायी पांढरे झगे घालून डोंगरांवर व छपरांवर स्वर्गारोहणाची वाट पाहत बसले, अशी टवाळी शंभर वर्षें चालली होती. १९४४ सालीं फ्रान्सिस निकल यांनीं जुनीं वृत्तपत्रें व पत्रव्यवहार तपासून ती निराधार ठरवली. स्वकीयांच्या दंतकथांना हात लावूं नये आणि परक्यांच्या मात्र खोडून काढाव्या, असा इतिहास फार दिवस टिकत नाहीं. एव्हरेट डिक यांनीं मिलरच्या चळवळीवर विस्कॉन्सिन विद्यापीठांत १९३० सालीं प्रबंध सादर केला. तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला १९९४ सालीं. १९७६ मध्यें रोनाल्ड नंबर्स यांनीं एलन व्हाइट यांच्या आरोग्यविषयक मतांचें त्या काळच्या इतर सुधारकांच्या मतांशीं असलेलें साम्य दाखविलें, तेव्हां पंथांत मोठी खळबळ उडाली.

धर्मोपदेशक होण्यासाठीं शिकणाऱ्या तरुणाच्या दृष्टीनें हा केवळ ग्रंथांतला वाद नाहीं. एखाद्या खेड्यांत कोणी त्याला विचारील, "तुमच्या पंथाची तारीख चुकली होती ना?" ज्यानें केवळ गौरवगाथा पाठ केली, तो तेथें गडबडेल किंवा रागावेल. ज्यास चूक कशी झाली, ती कोणी कबूल केली आणि त्यानंतर माणसें कशीं सावरलीं हें शिकविलें आहे, तो शांतपणें "होय" म्हणूं शकेल. शिक्षकाची परीक्षा त्या एका शब्दांत आहे.

कार्ल्याच्या दात्यांनीं आपलीं नांवें व दानें दगडांत कोरून ठेवलीं. ॲडव्हेंटिस्टांच्या वांट्यास दानलेख आले नाहींत. त्यांच्या आरंभीं आहे ती एका निराशेची नोंद. ती जशीच्या तशी पुढच्या पिढीस वाचून दाखविणें, हेंही एक दानच आहे.