तारापूरची भट्टी आणि वणीचा कोळसा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीज म्हटली की वणीचा कोळसा आठवतो. अणुऊर्जा म्हणजे तिकडे दूर, समुद्राकाठी. पण दोन्हींचा संबंध जुना आहे. कोळसा खाणीपासून लांब न्यायचा तर वाहतुकीने महागतो, म्हणून अशा लांबच्या भागात अणुवीज त्याला टक्कर देईल, असं होमी भाभा मांडत. मुंबईच्या उत्तरेचं तारापूर या हिशेबात बसत होतं.

१९६३ साली अमेरिकेशी करार झाला. जनरल इलेक्ट्रिकने दोन अणुभट्ट्या बांधल्या आणि १९६९ साली तारापूरची वीज मिळू लागली. त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही अमेरिकाच ३० वर्षं देणार होती.

मग १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला. १९७८ साली अमेरिकेने कायदा कडक केला आणि पुरवठा अडला. भट्टी आपल्या दारात, पण तिची चूल पेटवायला सरपण परक्याच्या अंगणात! १९८२ साली फ्रान्स मदतीला आला, पुढे चीन आणि रशियाकडूनही इंधन घ्यावं लागलं.

या अडवणुकीतून एक चांगलं झालं. साध्या युरेनियमवर चालणाऱ्या, जड पाण्याच्या भट्ट्या आपण स्वतः बांधायला शिकलो. तारापूरलाच २००५-०६ साली ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या, त्या देशी बनावटीच्या. मात्र त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावं लागलं, हेही त्याच इतिहासात लिहायला हवं.

आता २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं उद्दिष्ट आहे. २०२५ साली आपली क्षमता नऊ गिगावॉटच्याही आत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवा कायदा करून हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं केलं. जगाच्या बाजारात टिकायचं तर कारखान्यांना चोवीस तास वीज हवी, हे पटतं. पण जैतापूरचं उदाहरण समोर आहे. २०१० साली फ्रेंच कंपनीशी करार झाले, ९,९०० मेगावॉटचा आराखडा ठरला, आणि पुढच्या १५ वर्षांत एकही भट्टी उभी राहिली नाही. विजेचा दर, अपघाताची जबाबदारी आणि गावकऱ्यांचा विरोध, तिन्ही गाठी घट्ट.

म्हणून मला वाटतं, देशाची ताकद नुसत्या मेगावॉटमध्ये मोजू नये. इंधन कोणाच्या हातात, यंत्र कोणाला दुरुस्त करता येतं आणि जमीन कोणाची गेली, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. खाणीत शेत गेलेल्या वणीकडच्या माणसाला तिसरा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.