तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

खोटा गुरू ओळखावा कसा, या प्रश्नाला आद्य ख्रिस्ती मंडळ्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत तपशीलवार उत्तर तत्त्वचर्चेचे नाही, पाहुणचाराचे आहे. फिरता प्रेषित दारी आला, तर त्याचे प्रत्यक्ष प्रभूसारखे स्वागत करावे. त्याने एक दिवस राहावे. गरज पडली तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही, तर तो खोटा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले, तर तो खोटा.

हे नियम ‘दिदाखे’ या लहानशा ग्रीक पुस्तिकेत आहेत. ‘दिदाखे’ म्हणजे शिकवण. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी, बहुधा सीरियात, ती सिद्ध झाली असे अनेक अभ्यासक मानतात. जुन्या लेखकांनी तिचा नामोल्लेख केला होता, पण पूर्ण संहिता शतकानुशतके कोणाच्या हाती नव्हती. १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रायेनिऑस या ग्रीक धर्मपंडितांना कॉन्स्टंटिनोपलच्या एका मठात १०५६ सालचे हस्तलिखित सापडले. त्यातून १८८३ मध्ये त्यांनी ही पुस्तिका प्रसिद्ध केली.

ज्या समाजासाठी ती लिहिली गेली, त्याची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मंडळ्या घराघरांत जमत. ‘नवा करार’ म्हणून आज जो ग्रंथसमूह आपण ओळखतो, त्याची यादी अजून ठरलेली नव्हती. मराठी बायबलाने ज्याला ‘संदेष्टा’ हा नेमका शब्द दिला आहे, तो माणूस गावोगाव फिरे आणि आत्म्याच्या प्रेरणेने बोले. अशा संदेष्ट्याने एखाद्या गावी कायमचे राहायचे ठरवले, तर द्राक्षकुंडातले, खळ्यावरचे, गुरामेंढरांतले पहिले उत्पन्न त्याला द्यावे, असे हीच पुस्तिका सांगते. गावात संदेष्टा नसेल, तर ते गरिबांना द्यावे. म्हणजे संदेष्टेपण हे ईश्वरी देणे होते तसेच पोटापाण्याचे साधनही होते, आणि खोट्याची वाट नेमकी तेथूनच येत होती.

पुस्तिकेपुढची खरी अडचण आम्हांला फार मोलाची वाटते. आत्म्याच्या आवेशात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका, असे ती आधीच बजावते. ते पाप क्षमेच्या पलीकडचे आहे. मग उरले काय? वागणूक. त्याची वाणी तपासायची नाही, पण त्याचे ताट आणि त्याची थैली तपासायची. आवेशात त्याने पंगत मांडायला सांगितली, तर त्या पंगतीत स्वतः जेवू नये. जेवला तर खोटा. आवेशात ‘मला पैसे द्या’ म्हणाला, तर ऐकू नये. पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले, तर त्याला कोणी दोष देऊ नये. जो सत्य शिकवतो पण शिकवल्याप्रमाणे वागत नाही, तोही खोटाच. वेगळी शिकवण देणाऱ्याचे ऐकू नये असेही पुस्तिका सांगते, परंतु तिचा जीव गुंतला आहे तो या घरगुती कसोट्यांत. त्या लावायला पांडित्य लागत नाही. चुलीपाशी बसलेल्या माणसालाही त्या लावता येतात. सामान्य प्रवाशालाही दोन-तीन दिवसांचीच मुदत आहे. राहायचे असेल तर त्याने हाताला काम शोधावे. जो आयते बसून खाईल, त्याच्यासाठी पुस्तिका एक जळजळीत शब्द वापरते: ‘ख्रिस्तेम्पोरोस’, म्हणजे ख्रिस्ताचा व्यापारी.

असले व्यापारी होते का? ल्यूशनने एकाचे चित्र रेखाटले आहे. पेरेग्रिनस हा पॅलेस्टाइनमध्ये ख्रिस्ती झाला, थोड्याच काळात संदेष्टा आणि पुढारी बनला, तुरुंगात गेला. पहाटेपासून विधवा आणि अनाथ मुले तुरुंगाच्या दाराशी ताटकळत, आशियातल्या नगरांतून सार्वजनिक खर्चाने माणसे भेटीला येत, पैसा जमे. कोणीही लबाड या भोळ्या माणसांत शिरला की पाहता पाहता श्रीमंत होतो, असा ल्यूशनचा टोला आहे. तो उपरोधकार, त्यामुळे त्याचा प्रत्येक तपशील साक्ष म्हणून घेता येत नाही. तरी त्याच्याच कथेत पुढे एक वाक्य येते, आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही: त्या भोळ्यांनी पेरेग्रिनसला अखेर बाहेर काढले, बहुधा काही निषिद्ध खाताना तो दिसला म्हणून. पुन्हा ताटच! पुढे १६५ मध्ये ऑलिंपिया येथे त्याने स्वतःला जाळून घेतले.

रोममध्ये दुसऱ्या शतकात रचलेल्या हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथातला खोटा संदेष्टा आसनावर बसतो, श्रोते बाकावर. तो विचारणाऱ्याला हवे तेच उत्तर देतो, मोबदल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नीतिमान माणसांच्या सभेत आला की मुका होतो. हर्मासची उपमा कोठारातली आहे: रिकामे रांजण रचून ठेवले, तर परत आल्यावर ते रिकामेच सापडतात.

पण या कसोट्यांना दुसरीही धार होती. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिजियात मोंतानस आणि प्रिस्किला, मॅक्सिमिला या दोन संदेष्ट्री पुढे आल्या. त्यांच्यावर तुटून पडलेल्या अपोलोनियसचे उतारे युसेबियसने जपले आहेत. संदेष्टा केस रंगवतो का? डोळ्यांत सुरमा घालतो का? सोंगट्या खेळतो का? व्याजाने पैसे देतो का? फळावरून झाड ओळखण्याचेच हे तत्त्व. पण दिदाखेतला गृहस्थ आपल्या ओसरीवरच्या माणसाला पारखत होता, आणि अपोलोनियस प्रतिपक्षाविरुद्ध आरोपपत्र लिहीत होता. मोंतानसपंथीयांचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाले. जी वचने उरली, ती इतरांच्या, बहुतांशी विरोधकांच्याच लिखाणात. तेर्तुलियन मात्र त्यांच्या बाजूने गेला. रोमचा बिशप या संदेष्ट्यांना मान्यता देण्याच्या बेतात होता आणि एका परक्या माणसाने त्याचे मन वळवले, असा त्याचा आरोप आहे. आरोप खरा असो वा नसो, निवाडा आता कोठे होऊ लागला होता हे त्यावरून कळते. त्याआधीच, १८० च्या सुमारास, इरेनेयसने दुसरी कसोटी मांडली होती: प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या बिशपांच्या परंपरेत जे शिकवले जाते, ते खरे. ही कसोटी अधिक सोयीची खरी, परंतु आसनावर बसणाऱ्यालाच ती तपासनीस करते, आणि हर्मासला भीती होती ती आसनाचीच.

दिदाखेचे पुढे काय झाले, हे चौथ्या शतकाच्या अखेरीस सीरियात तयार झालेल्या ‘प्रेषितांची विधाने’ या संकलनात दिसते. त्याच्या सातव्या भागात ही पुस्तिका जवळजवळ सबंध विरघळवली आहे. खऱ्या-खोट्या शिक्षकांत भेद करा, असे संकलक सांगतो. पण एक दिवस, दोन दिवस, तिसरा दिवस ही मोजणी त्याने गाळली आहे. पंगतीचा नियम नाही, ‘पैसे मागितले तर खोटा’ हेही नाही. पहिले उत्पन्न आता पुरोहितांना द्यायचे आहे. खोट्या शिक्षकालाही गरजेपुरते द्यावे, एवढी दानत मात्र त्याने राखली आहे. फक्त त्याच्याबरोबर प्रार्थना करू नये.