मेणबत्तीचा धूर आणि क्लोरीनचा हिशेब

आजची गोष्ट पॅरिसमधली. राजा दहाव्या चार्ल्सच्या काळात तुइलरी राजवाड्यात मेजवानी होती. मेणबत्त्या पेटल्या आणि पाहुणे खोकून बेजार झाले, असं सांगतात. चौकशी रसायनतज्ज्ञ झां-बाप्तिस्त द्युमाकडे आली. मेण पांढरं करायला क्लोरीन वापरला होता. तो मेणातच बसून राहिला आणि जळताना हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडला.

गोष्टीला तिखटमीठ लागलंही असेल, पण प्रश्न खरा होता. क्लोरीन मेणात शिरला कसा? 1834 मध्ये द्युमाने नियम मांडला: जितका हायड्रोजन निघतो, तितकाच क्लोरीन त्याच्या जागी बसतो.

यात काय एवढं, असं आज वाटेल. पण तेव्हा बर्झेलियसचा दबदबा होता. रेणू धन-ऋण विद्युतभारांच्या ओढीने बांधलेले असतात, हे त्याचं मत. मग धन हायड्रोजनच्या जागी ऋण क्लोरीन? शक्यच नाही! द्युमाने 1839 मध्ये ॲसिटिक आम्लातले तीन हायड्रोजन काढून क्लोरीन बसवले, तरी आम्लाचा स्वभाव फारसा बदलला नाही. वोलरने तर 1840 मध्ये टोपणनावाने टिंगल केली, की लंडनमध्ये म्हणे नुसत्या क्लोरीनचं कापड मिळतं!

टिंगल विरली, नियम टिकला. पुढचा प्रश्न मला जास्त आवडतो: क्लोरीन नेमका कोणत्या हायड्रोजनची जागा घेतो?

प्रोपेन घ्या. टोकांच्या कार्बनवर सहा हायड्रोजन, मधल्यावर दोन. प्रकाशाने क्लोरीनचा रेणू फुटतो, मोकळा अणू हायड्रोजन ओढून घेतो आणि साखळी सुरू होते. निवड नुसती नशिबाची असती, तर दोन उत्पादनं 75 आणि 25 टक्के मिळाली असती. प्रत्यक्षात 25 अंश सेल्सिअसला साधारण 45 आणि 55 मिळतात. आता भागाकार करा: 45 भागिले 6 म्हणजे 7.5, आणि 55 भागिले 2 म्हणजे 27.5. मधला हायड्रोजन जवळपास पावणेचार पट सहज निघतो!

1930च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हास आणि सहकाऱ्यांनी असे हिशेब मांडले, तेही मिश्रणं चिकाटीने ऊर्ध्वपातनाने वेगळी करून. जेम्स आणि मार्टिन यांची गॅस क्रोमॅटोग्राफी 1952 मध्ये आली. आता तेच काम आलेखावरच्या शिखरांचं क्षेत्रफळ मोजून होतं.

मिश्रण मिळालं की विद्यार्थी वैतागतात. मला वाटतं, खरी माहिती त्या मिश्रणातच असते. एकच पदार्थ मिळाला असता, तर हे पावणेचार कुठून कळले असते? भेटू पुढच्या भागात.