देवळालीचा ताप

इंग्लंडात एखादा माणूस बरळायला लागला, की बाकीचे म्हणतात, 'गेला हा डूलाली!' विशेषण तसं खेळकर. चक्रम, भ्रमिष्ट, सटकलेला अशा अर्थाचं. विसरभोळ्या आजोबांपासून अडून बसलेल्या कॉम्प्युटरपर्यंत कुणालाही ते चिकटतं. त्याचं गाव मात्र नाशिकला लागून आहे.

देवळालीत ब्रिटिशांनी 1860च्या दशकात छावणी वसवली. मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी इथे येऊन पुढे देशभर पांगत. मायदेशी निघालेल्यांचा मुक्कामही इथेच. घोळ झाला तो या परतीच्या वाटेवर. सैनिकांची जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढीच चालत. ज्याची नोकरीची मुदत हंगाम उलटल्यावर भरली, तो महिनोन् महिने अडकला! रायफल काढून घेतलेली, ड्यूटी जवळपास नाही, घर समुद्रापार आणि बोटीचा पत्ता नाही. मग दारू, भांडणं, बेशिस्त. त्यात हिवतापाची भर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात असलेल्या फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायानं 1936च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींत हे रिकामपण सांगितलं आहे.

या अवस्थेला शिपाई म्हणत 'डूलाली टॅप'. गोऱ्या जिभेवर देवळालीची डूलाली झाली. आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप, छावणीतल्या हिंदुस्थानीतून उचललेला. फ्रेझर आणि गिबन्स यांच्या 1925च्या सैनिकी शब्दसंग्रहात ही जोडी नोंदलेली आहे. पुढे शिपाई घरी गेले, शब्द गल्लीबोळांत पसरला आणि वाटेत ताप गळून पडला. उरलं नुसतं गावाचं नाव, तेही विशेषण होऊन. बीबीसीनं 1974 मध्ये सुरू केलेल्या एका विनोदी मालिकेतले सैनिकही देवळालीच्याच छावणीत होते.

देवळालीवर हा अन्यायच. इथली हवा इतकी चांगली, की मुंबईच्या पारशी-गुजराती मंडळींनी हवापालटासाठी इथे बंगले आणि सॅनेटोरियम बांधली. डोकं फिरवलं ते बोटींच्या वेळापत्रकानं, नाव खराब झालं गावाचं.

2009 मध्ये पुण्यात ताजी बिअर बनवणारी एक कंपनी निघाली. तिनं नाव घेतलं डूलाली, आणि आपल्या अड्ड्यांना ती म्हणते टॅपरूम. इथला टॅप अर्थात बिअरच्या नळाचा.