वॅग्नरच्या कडा

उभी हयात बाइंडिंगच्या धंद्यात गेली, त्यामुळे छापील कागद हातात आला की चित्राआधी मी त्याच्या कडा बघतो. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या सिगारेट-कार्डाचा मोठा केलेला फोटो मुलानं दाखवला, तेव्हाही तेच झालं. नारिंगी पार्श्वभूमी, मधोमध भांग पाडलेला गडी, छातीवर ‘पिट्सबर्ग’. आणि कडा अशा सरळसोट, की हे कार्ड शंभर वर्षांचं आहे हे मनाला पटेना.

हा होनस वॅग्नर, पिट्सबर्ग पायरट्सचा बेसबॉलपटू. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची पाचशेवर वेगवेगळी कार्डं वाटली. मऊ पाकिटाला ताठपणा यायचा आणि गिऱ्हाईकही बांधलं जायचं. कार्ड जेमतेम दीड इंच रुंद. पुढे शिळाछापाचं रंगीत चित्र. पाठीवर पीडमाँट, स्वीट कॅपोरल अशा सोळा ब्रँडांपैकी एकाची जाहिरात. संग्राहक त्या पाठीवरही जीव टाकतात: खेळाडू तोच, पण पाठ दुर्मिळ निघाली की भाव चढलाच.

वॅग्नरनं आपलं चित्र छापायला हरकत घेतली. छपाई थांबली, पण तोवर थोडी कार्डं बाहेर पडली होती. आज साठेकच माहीत आहेत. पोरांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून तो अडला, ही कथा सगळ्यांना आवडते. गडी स्वतः मात्र तंबाखू चघळायचा. पैशांवरून बिनसलं असंही सांगतात, आणि मला ते जास्त माणसासारखं वाटतं.

फोटोतलं कार्ड 1985 मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्यानं 25 हजार डॉलरला घेतलं. 1991 मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदारानं त्यासाठी 4 लाख 51 हजार मोजले. 2007 मध्ये ते 28 लाखांना गेलं. पीएसए या तपासणी कंपनीनं त्याला 10 पैकी 8 गुण दिले होते आणि दुसरा कुठलाही वॅग्नर त्याच्या आसपास नव्हता. मग 2013 मध्ये मॅस्ट्रोनं कोर्टात कबूल केलं, की बाजूच्या कडा मीच कापल्या होत्या.

पुस्तकाच्या तीन बाजू छाटल्याशिवाय आमचं काम पुरं होत नाही. पण जुन्या कार्डाची केसभर पट्टी उडवली, की झिजलेली कड कोरी दिसते आणि ती कोरी कडच लाखोंना विकली जाते. हा चोरीचाच प्रकार. मॅस्ट्रोला 2015 मध्ये 20 महिन्यांची शिक्षा झाली, ती मात्र लिलावातल्या खोट्या बोल्यांपायी. आणि 2022 मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना गेलेला वॅग्नर होता अवघ्या 2 गुणांचा, झिजक्या कोपऱ्यांचा!

या कार्डांना ‘टी-206’ हा क्रमांक दिला जेफरसन बर्डिकनं. सिरॅक्यूजमधल्या कारखान्यातला साधा कामगार, संधिवातानं आखडलेला. 3 लाखांवर कार्डं आणि छापील चिटोरी त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमला फुकट दिली. वर्षानुवर्षं तिथे जाऊन तो ती एकेक करून अल्बममध्ये चिकटवत राहिला. 1963 च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये वारला. त्या संग्रहात वॅग्नरही आहे. खळ लागलेल्या पाठीचं कार्ड आज पीएसएकडे गेलं, तर काठावर पास झालं तरी नशीब.