इंजिन वारंवार तापते? ते केव्हा तापते, हे आधी पाहा

गोव्यातून साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढणारी मोटार समुद्रसपाटीजवळून निघून काही तासांत सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात पोहोचते. तेथून पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गाला लागून कोल्हापूरच्या दिशेने निघाले की पहिल्या काही किलोमीटरांतच काकती लागते. राणी चन्नम्मा यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. मात्र ज्याच्या वाहनाचा तापमानदर्शक काटा घाटात वर सरकला, बेळगावात थोडा विसावला आणि महामार्गावर पुन्हा लाल रेषेकडे निघाला, त्या चालकासाठी काकती हे निर्णयाचे ठिकाण ठरते. मागे काही मिनिटांवर बेळगावची गॅरेजे आहेत, तर पुढे वंटमुरीचा घाट आहे.

अशा वेळी बहुतेक जण रेडिएटरमध्ये पाणी भरतात आणि पुढे निघतात. काटा खाली येतो आणि काही अंतरानंतर पुन्हा चढतो. पाणी भरल्याने बिघाड दूर होत नाही, त्याचे लक्षण तेवढे काही काळ झाकले जाते.

यंत्रणा कशी चालते?

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता शीतकरण यंत्रणेला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप कूलंटला इंजिनातून फिरवतो, थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला उघडून ते रेडिएटरकडे सोडतो आणि रेडिएटरमधून जाणारी हवा त्याला थंड करते. गाडी वेगात असताना ही हवा आपोआप मिळते, गाडी उभी असताना ती पंख्याने ओढावी लागते. बहुतेक मोटारींचे थर्मोस्टॅट ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतात आणि इंजिन ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान चालते.

रेडिएटरचे झाकण साधे वाटले तरी त्याचे काम महत्त्वाचे असते. ते यंत्रणेत वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाब राखते. त्यामुळे साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या जवळपास उकळते. झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग निकामी झाली की हा दाब टिकत नाही. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रकिनारी १०० अंशांना, तर बेळगावच्या उंचीवर सुमारे ९७.५ अंशांना उकळते. म्हणजे इंजिनाच्या नेहमीच्या तापमानालाच तेथे उकळी फुटू शकते. पणजीत कधीही त्रास न देणारी गाडी घाटमाथ्यावर उकळू लागली, तर सर्वप्रथम झाकण तपासावे.

तापण्याची वेळ आणि बिघाडाची जागा

निदानाचा पहिला प्रश्न ‘किती तापते’ हा नसून ‘केव्हा तापते’ हा असतो.

*वाहतूक कोंडीत तापते, वेगात थंड होते:* संशय पंख्यावर घ्यावा. फ्यूज, रिले, मोटर, वायरिंग आणि तापमान सेन्सर क्रमाने तपासावेत. बहुतेक गाड्यांत एसी सुरू केला की पंखा फिरू लागतो. एसीबरोबर पंखा फिरतो, पण इंजिन तापूनही एरवी फिरत नाही, अशा स्थितीत मोटर चांगली असून दोष सेन्सरकडे किंवा त्याच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक.

*चढणीवर किंवा महामार्गावर तापते, उभी असताना ठीक राहते:* कूलंटचा प्रवाह अपुरा पडत आहे. कूलंट कमी असणे, रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबणे, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडणे, वॉटर पंपाची पाती झिजणे किंवा होज पाइप आतल्या बाजूला चेपला जाणे, ही त्याची नेहमीची कारणे. वर्षानुवर्षे बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी भरलेल्या रेडिएटरमध्ये थर साचतात. बाहेरून जाळीत तांबडी माती आणि किडे अडकले असतील, तर तेही हवेचा मार्ग रोखतात.

*सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते:* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. वरचा होज पाइप अतिशय गरम आणि खालचा मात्र थंड, ही त्याची ओळखीची खूण. नुकतेच कूलंट बदलले असल्यास यंत्रणेत हवा अडकल्याचीही शक्यता असते.

*गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होते:* हे सर्वांत गंभीर लक्षण. प्रथम झाकण, पंपाखालचे डाग आणि डॅशबोर्डखालच्या गालिच्याचा ओलावा पाहावा. तेथे काही न आढळल्यास हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, ऑइल दुधाळ दिसणे, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे उठणे, या त्याच्या खुणा होत.

गॅरेजमध्ये काय मागावे?

अंदाजाने एकामागून एक भाग बदलण्यापेक्षा दोन साध्या चाचण्या आधी करून घ्याव्यात. पहिली दाबाची. थंड इंजिनावर हातपंपाने दाब देऊन तो टिकतो की नाही हे पाहिल्यास लपलेली गळती उघड होते. झाकणही त्याच उपकरणावर तपासता येते. दुसरी रासायनिक. ज्वलनातील वायू कूलंटमध्ये मिसळत असल्यास निळे द्रावण पिवळे पडते आणि हेड गॅस्केट फुटल्याचे कळते. स्कॅनरवरील तापमान आणि डॅशबोर्डवरील काटा यांत तफावत असेल, तर दोष केवळ काट्यातही असू शकतो.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ हा सल्ला मात्र स्वीकारू नये. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते. काही इंजिनांत हाच भाग आडवाट बंद करण्याचे काम करतो. तो काढल्यास कूलंट रेडिएटर टाळून फिरते आणि तापणे उलट वाढते.

रस्त्यावर काय करावे?

काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण उष्णतेवर आणि पंखा पूर्ण वेगाने लावावा. इंजिनातील काही उष्णता त्यामुळे आत ओढली जाते. हीटरमधून गरम हवा येत नसेल, तर कूलंट फिरत नाही असे समजावे. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. ज्या गाड्यांत काटा नसतो, त्यांत लाल दिवा हीच शेवटची सूचना असते.

त्यानंतर किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे कूलंट झाकण उघडताक्षणी वाफ होऊन उसळते आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजू शकतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये, अॅल्युमिनियमच्या हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पाहावी. कूलंट नसल्यास गॅरेजपर्यंत जाण्यापुरते स्वच्छ पाणी चालते, मात्र नंतर ते काढून उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट भरावे.

अॅल्युमिनियमचे हेड अतितापाने वाकते आणि गॅस्केट फुटते. झाकण, रिले किंवा थर्मोस्टॅट यांसारख्या किरकोळ भागापासून सुरू झालेला बिघाड मग इंजिन खोलण्यापर्यंत जातो. हे नुकसान बहुतेकदा लाल दिवा लागल्यानंतर रेटलेल्या काही किलोमीटरांत होते. म्हणून काकतीजवळ काटा दुसऱ्यांदा चढला, तर पुढचा घाट न गाठता तेथेच थांबावे आणि गाडी टोइंगने बेळगावला न्यावी.